बँकेच्या उड्या मारणाऱ्या शेअरवर न्यूट्रल सौदा कसा करावा

परभणीहून कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका भावाने विचारलंय: "बाजारासाठी बाजूला ठेवलेले 6 लाख रुपये आहेत. एका खासगी बँकेचा शेअर दोन महिने हजाराच्या आसपास खेळतोय, पण आठवड्यातून एकदा तरी तीन टक्क्यांची उडी मारतो. वर जाईल की खाली, मला सांगता येत नाही. म्हणून 1060 चा कॉल आणि 940 चा पुट, दोन्ही विकून महिनाभर बसावं असं मनात आहे. दोन्हींचे मिळून 28 रुपये येतात, लॉट 700 शेअरचा. दिशा ओळखायची नाही, म्हणजे डोक्याला त्रास नाही. बरोबर आहे का? आणि किती लॉट करावेत?"

भाऊ, दिशा ओळखायची नाही, इथपर्यंत बरोबर आहे; यालाच न्यूट्रल सौदा म्हणतात. त्रास नाही, हे मात्र डोक्यातून काढून टाका. तुम्ही सांगताय त्या सौद्यात रोज थोडं थोडं मिळतं आणि एखाद्या दिवशी एकदम जातं. तो दिवस येणार आहे असं धरूनच सौदा बांधायचा असतो. तो कसा बांधायचा, ते सविस्तर सांगतो.

आमची लातूरला आडत. मी 2011 पासून ऑप्शनमध्ये आहे. डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनचे वायदे बंद झाले, तेव्हा आमच्या मार्केट यार्डातले कितीतरी जण शेअरच्या ऑप्शनकडे वळले आणि सगळ्यांनी पहिल्यांदा हाच सौदा केला. दोन्हीकडचं विकायचं आणि बसायचं. तुम्हीही मोंढ्यातली भाषा जाणता, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

समजा एका आडत्याने दाळमिलवाल्याला जबान दिली, "दिवाळीपर्यंत भाव कितीही चढो, तूर तुम्हाला या भावाच्या वर लावणार नाही." त्याच दिवशी शेतकऱ्याला सांगितलं, "भाव कितीही पडो, तुमचा माल या भावाच्या खाली घेणार नाही." दोघांकडून जबानीचे थोडे पैसे घेतले. भाव मधे राहिला तर दोन्हीकडचे पैसे त्याचे. विकलेला कॉल ही पहिली जबान आणि विकलेला पुट ही दुसरी; दोन्हींना मिळून ऑप्शन म्हणतात. जबानीतला भाव म्हणजे स्ट्राइक, जबानीचे पैसे म्हणजे प्रीमियम आणि मुदत संपायचा दिवस म्हणजे एक्स्पायरी. आता आठवा, 2015 च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ 200 रुपये किलोला भिडली होती, आणि 2017 च्या हंगामात तीच तूर 5,050 च्या हमीभावाच्याही खाली विकावी लागली, बारदाना संपला म्हणून खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. दोन वर्षांच्या आत दोन्ही टोकं. जबान दिलेल्याला पैसे महिन्याच्या हिशोबाने मिळतात, पण फेडायची वेळ आली की एका सौद्यात सगळं फेडावं लागतं. आणि तूर निदान आठवड्या-पंधरवड्यात चढते-उतरते. बँकेचा शेअर एका रात्रीत फिरतो.

तुम्हाला 28 रुपये मिळतायत ते यासाठीच. स्वस्थ शेअरवर एवढा प्रीमियम कोणी देत नाही. तुम्ही दिलेले भाव मी उलटे सोडवून बघितले. महिन्याचे 25 दिवस बाकी धरले तर आयव्ही, म्हणजे बाजाराने धरलेली वार्षिक चढ-उतार, साधारण 35 टक्के निघते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तुम्हीही करा: 25 ला 365 ने भागा, वर्गमूळ काढा, 0.35 ने गुणा, मग हजाराने. 92 च्या जवळ उत्तर येईल. म्हणजे एक्स्पायरीपर्यंत हा शेअर 92 रुपये इकडे किंवा तिकडे गेला तरी बाजाराला त्यात नवल वाटणार नाही. तुमच्या जबानी 60 रुपयांवर आहेत, प्रीमियम धरून तोटा 88 रुपयांनंतर सुरू होतो. बाजार ज्याला रोजची गोष्ट म्हणतो, त्याच्या आतच तुमचं कुंपण आहे. हे चुकीचं असतं असं नाही, पण माहीत असलं पाहिजे.

आता नवल वाटावं अशा दिवसांचं बघू. इंडसइंड बँकेचा शेअर 25 ऑक्टोबर 2024 ला तिमाही निकालानंतर एका दिवसात 18 टक्क्यांहून जास्त पडला. साडेचार महिन्यांनी, 10 मार्च 2025 ला, बँकेने आपल्या डेरिव्हेटिव्हच्या हिशोबातली तफावत जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी शेअर 27 टक्के खाली, 900 वरून 656 वर. एचडीएफसी बँकेसारखा भारदस्त शेअरसुद्धा 17 जानेवारी 2024 ला निकालानंतर आठ टक्क्यांहून जास्त घसरला. वरच्या बाजूलाही असंच. 20 सप्टेंबर 2019 ला कंपनी कराची कपात जाहीर झाली आणि एका बँकेचा शेअर सोडा, अख्खी बँक निफ्टी, म्हणजे बँकांच्या शेअरचा निर्देशांक, आठ टक्क्यांहून जास्त उडाली. 4 जून 2024 च्या लोकसभा निकालाला तीच बँक निफ्टी जवळपास आठ टक्के आपटली. "मी स्क्रीनसमोर बसेन, स्टॉपलॉस लावेन" हे अशा दिवशी कामाला येत नाही, कारण बातमी बहुतेकदा बाजार बंद झाल्यावर येते आणि सकाळी पहिलाच भाव तुमचं कुंपण ओलांडून उघडतो. ज्या शेअरवर ऑप्शन चालतात त्यांना ठरावीक सर्किटही नसतं. दहा टक्क्यांवर थोडा थांबा, की मर्यादा पुढे सरकते.

तुमच्या सौद्यावर 27 टक्क्यांची पडझड ठेवून बघू. शेअर 730 ला. 940 चा पुट 210 रुपयांचा झाला, तुम्हाला मिळाले होते 28, तोटा 182. गुणिले 700, म्हणजे 1,27,400 रुपये, एका लॉटवर. आणि सगळं मनासारखं झालं तर महिन्याचे मिळतात 19,600. एक वाईट सकाळ साडेसहा पूर्ण यशस्वी महिने खाते. तुम्ही तीन लॉट केले असते तर 6 लाखांतले पावणेचार लाखांहून जास्त गेले असते.

म्हणून मी बँकेच्या एका शेअरवर उघडा सौदा करत नाही. विकलेल्या प्रत्येक जबानीच्या पलीकडे एक जबान विकत घेतो, तिला हेज म्हणतात. 1060 चा कॉल 15 ला विकला तर 1100 चा साडेसातला घ्यायचा. 940 चा पुट 13 ला विकला तर 900 चा साडेपाचला घ्यायचा. याला आयर्न कॉन्डॉर म्हणतात. दोन्हीकडून साडेसात-साडेसात, हातात 15 रुपये राहतात, लॉटला 10,500. कुंपणाची रुंदी 40, त्यातून 15 वजा केले तर तोटा 25 रुपये, लॉटला 17,500. शेअर 730 ला गेला तरी 17,500 आणि 500 ला गेला तरी 17,500. नफा-तोट्याच्या रेषा 925 आणि 1075.

नवीन माणूस इथे अडखळतो. त्याला वाटतं, 28 येत होते, 13 रुपये उगाच हेजमध्ये घातले. मी बियाण्याच्या दुकानदाराला विचारतो, उधारीवर दिलेल्या मालाच्या बदल्यात शेतकऱ्याची चिठ्ठी घेता की नाही? चिठ्ठीला कागद लागतो म्हणून ती सोडता का? त्या 13 रुपयांनी तुमचा मोठ्यात मोठा तोटा आजच, सौदा करायच्या क्षणी, कागदावर लिहिता येतो. हा आकडा लिहिता आला नाही तर त्या रात्री मी सौदाच करत नाही.

नफा 10,500 आणि तोटा 17,500, म्हणजे शेवटपर्यंत धरून बसलात तर शंभरातले साडेबासष्ट सौदे जिंकावे लागतात, तेव्हा कुठे बरोबरी. त्यात खर्च आलेला नाही, आणि खर्चावर जरा थांबून बोलायला हवं, कारण न्यूट्रल सौद्यातला नफा बहुतेकांचा तिथेच गळतो. ब्रोकरेजची भीती नको, खरा खर्च असतो खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातल्या अंतराचा. स्क्रीनवर 1100 च्या कॉलला घेणारा 7.00 ला उभा आणि विकणारा 8.00 ला, आणि तुम्ही घाईने मार्केट ऑर्डर मारली, तर मधल्या भावापेक्षा 50 पैसे जास्त गेले. कॉन्डॉरचे चार पाय, म्हणजे चार ऑप्शन, घालताना, चार काढताना, एकूण आठ वेळा. 50 पैसे गुणिले 700 गुणिले 8, म्हणजे 2,800 रुपये. पूर्ण नफ्याचा चौथा हिस्सा यातच गेला. हेच अंतर 30 पैशांचं असेल तर तो खर्च 840 वर येतो. म्हणून बँक निवडताना चार्टच्या आधी दूरच्या स्ट्राइकचं हे अंतर बघा, सकाळी साडेदहानंतर, दोन-तीन दिवस. ज्या बँकेच्या दूरच्या स्ट्राइकवर रुपया-दीड रुपयाचं अंतर आहे, तिथे कितीही चांगला प्रीमियम दिसो, मी हात घालत नाही.

ऑर्डर घालायची रीतही ठरलेली ठेवा. आधी दोन्ही हेज विकत घ्यायचे, मग विकायचे, सगळं लिमिट भावाने, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाने. कारण आधी विकलं आणि हेज मिळेपर्यंत शेअर हलला तर तेवढा वेळ तुम्ही उघडे. मार्जिनचं, म्हणजे सौद्यासाठी ब्रोकर अडवून ठेवतो त्या रकमेचंही तसंच: आधी विकायला गेलात तर उघड्या सौद्याचं मार्जिन मागतील, दीड लाखाच्या आसपास, आणि हेज असेल तर बरंच कमी. बाहेर पडताना उलटं, आधी विकलेलं परत घ्या, मग हेज विका. एकदा फोनवर बोलत बोलत मी हेज आधी विकून टाकला होता. पुढची चार मिनिटं अजून आठवतात. तेव्हापासून सौदा घालताना आणि काढताना मी फोन घेत नाही.

आता तारखा. बँकेच्या शेअरचं वर्ष चार निकालांवर फिरतं: जानेवारी, एप्रिल-मे, जुलै, ऑक्टोबर. मोठ्या खासगी बँका निकाल बऱ्याचदा शनिवारी लावतात, म्हणजे शनिवार-रविवार काही करता येत नाही आणि सोमवारी गॅपने, म्हणजे भावात उडी घेऊन, उघडतं. निकालाआधी प्रीमियम फुगतो, निकाल लागला की आयव्ही एकदम बसते. या बसण्याचा फायदा घ्यायला लोक आदल्या दिवशी दोन्हीकडचं विकतात. चार वेळा जमतं. पाचव्या वेळी शेअर 12 टक्के हलतो आणि आयव्ही कितीही बसली तरी उपयोग होत नाही. माझी पद्धत साधी आहे: निकाल लागून पहिले दोन दिवस जाऊ द्यायचे, शेअर कुठे स्थिरावतो ते बघायचं, आणि मग एक्स्पायरीला 20-25 दिवस बाकी असतील तरच सौदा घालायचा. त्या वेळी प्रीमियम कमी मिळतो हे खरं. पण पुढचा निकाल तीन महिने दूर असतो, म्हणजे उड्या मारायचं सगळ्यात मोठं निमित्त तरी नसतं. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची तारीखही बघून ठेवा. ती आधी जाहीर असते, त्यामुळे ती माहीत नव्हती म्हणायला जागा नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे सौदा शिकवणारे शेवटी दोन ओळींत उरकतात. शेअरचे ऑप्शन ऑक्टोबर 2019 पासून पूर्णपणे डिलिव्हरीने मिटतात. निर्देशांकासारखा फक्त फरकाचा हिशोब नाही, खरेच शेअर द्यावे-घ्यावे लागतात. कॉन्डॉरमध्ये "तोटा जास्तीत जास्त 17,500" हे वाक्य एक्स्पायरीच्या दिवशी अर्धंच खरं उरतं. समजा शेअर 915 ला बंद झाला. तुम्ही विकलेला 940 चा पुट पैशात, म्हणजे 25 रुपये किमतीचा, घेतलेला 900 चा पुट शून्य. कागदावर तोटा 25 वजा 15, म्हणजे 10 रुपये, 7,000. पण 940 भावाने 700 शेअर तुम्हाला घ्यावे लागतात, 6,58,000 रुपयांचे. तुमच्या सगळ्या भांडवलापेक्षा जास्त. आणि हेज संपून गेलेला, म्हणजे उद्या शेअर पडला तर अडवायला काही नाही. वरच्या बाजूला 1060 आणि 1100 च्या मधे अडकलात तर त्याहून वाईट: जवळ नसलेले 700 शेअर द्यायचे, नाही दिले तर ते लिलावात घेतले जातात, पैसे तुमचे. भाव दोन्ही स्ट्राइकच्या पलीकडे गेला तर देणं-घेणं एकमेकांत मिटतं. धोका आहे तो मधल्या पट्ट्यात.

हे माझ्यावर 2021 मध्ये आलेलं आहे. एका खासगी बँकेच्या शेअरवर कॉन्डॉर होता, शेवटच्या दिवशी दुपारी अडीचपर्यंत विकलेला पुट बाहेर होता, म्हणजे शेअर त्याच्या स्ट्राइकच्या वर होता. मी विचार केला, आता तासाभरात काय होतंय, तो परत घ्यायला दोन रुपये कशाला घालवायचे. बंद होताना नऊ रुपयांनी आत. संध्याकाळी ब्रोकरकडून फोन, पाच लाखांच्या पुढची रक्कम भरा. मुलीच्या अकरावीच्या क्लाससाठी ठेवलेली एफडी मोडली, उरलेले मोठ्या भावाकडून घेतले. शेअर खात्यात येईपर्यंत मधे शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी तो चार टक्के खाली उघडला. सौद्यातला तोटा किरकोळ होता, मार बसला तो नंतरच्या चार टक्क्यांचा. चूक पूर्ण माझी होती, दोन रुपये वाचवायला गेलो होतो.

तेव्हापासून शेवटच्या आठवड्यात मी शेअरच्या ऑप्शनमध्ये नसतो. आता सप्टेंबर 2025 पासून महिन्याची एक्स्पायरी शेवटच्या मंगळवारी असते. शेवटच्या चार दिवसांत डिलिव्हरीचं मार्जिन टप्प्याटप्प्याने चढायला लागतं, म्हणजे आधीच्या बुधवारपासून. मी त्याच्या आदल्या मंगळवारी बाहेर. त्याआधी कधीही निम्मा प्रीमियम हाती आला, म्हणजे 15 चा कॉन्डॉर साडेसातला परत मिळत असेल, तरी बाहेर. उरलेल्या साडेसातसाठी शेवटच्या दहा दिवसांची जोखीम घ्यायची नाही, कारण त्या दिवसांत शेअर थोडा हलला तरी ऑप्शनचा भाव दुपटीने हलतो.

शेअर एका कुंपणाला येऊन टेकला तर काय, असं तुम्ही पुढे विचारालच. यावर लोक फार कसरती करतात. दुसरी बाजू जवळ ओढतात, लॉट वाढवतात, पुढच्या महिन्यात ढकलतात. मी एकच करतो. शेअर विकलेल्या स्ट्राइकला लागला आणि त्या दिवशी तिथेच बंद होतोय असं सव्वातीनला दिसलं, तर ती बाजू हेजसकट काढून टाकतो. बहुतेकदा 10-12 रुपयांत विषय मिटतो, 25 पर्यंत जात नाही. दुसरी बाजू आपोआप स्वस्त झालेली असते, ती राहू देतो. तोट्यातल्या बाजूचा लॉट कधीच वाढवत नाही.

निव्वळ शिकायचं असेल तर बँक निफ्टीचा महिन्याचा कॉन्डॉर हाही एक मार्ग आहे. तिथे डिलिव्हरी नाही आणि एका बँकेची वाईट बातमी सगळ्या निर्देशांकाला 27 टक्के पाडत नाही. आठवड्याची एक्स्पायरी तिथे नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झाली, ते नवशिक्यासाठी बरंच झालं. पण तिचा सौदा मोठ्या रकमेचा असतो, हेही बघा. कराचं एवढंच: ही कमाई धंद्याचं उत्पन्न म्हणून धरली जाते. तुमच्या सीएला सौदा करायच्या आधी सांगा, आणि तोटा झाला तरी विवरणपत्र मुदतीत भरा, म्हणजे तो पुढे आठ वर्षं ओढता येतो.

आता लॉट. स्क्रीनवर मार्जिन बघून ठरवाल तर फसाल, कारण हेज घातल्यावर मार्जिन इतकं उतरतं की 6 लाखांत सहा-सात लॉट सहज बसतात असं दिसेल. सात लॉटचा तोटा 1,22,500. तोट्याकडून मोजा. एका सौद्यात भांडवलाच्या तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे 18,000. तुमचा एका लॉटचा तोटा 17,500. म्हणून एकच लॉट. एका लॉटवर निम्म्या प्रीमियमला बाहेर पडलात तर खर्च जाऊन चार-साडेचार हजार राहतील, 6 लाखांवर पाऊण टक्क्याच्या आत, आणि तेही जमलेल्या महिन्यात. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा हिशोब मांडला होता: वायदे-ऑप्शनमधले 100 पैकी 93 वैयक्तिक ट्रेडर तोट्यात आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. तुम्हाला कोणी महिन्याला चार-पाच टक्के सांगत असेल तर त्याच्याकडून सौद्याचा मोठ्यात मोठा तोटा रुपयांत लिहून घ्या.

या महिन्यात पैसे घालू नका. एक वही करा. चारही स्ट्राइकचे खरेदीचे आणि विक्रीचे भाव रोज सव्वातीनला लिहा, पुढे शेअरचा भाव आणि त्या वेळी कॉन्डॉर मोडला असता तर काय हाती आलं असतं ते. दुकान बंद करायच्या वेळेआधी दहा मिनिटांचं काम आहे. निकालाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या ओळीखाली लाल रेघ ओढा. वही भरली की त्या पानांचा फोटो पाठवा, पहिला लॉट कुठल्या स्ट्राइकला घालायचा ते आपण तुमच्याच आकड्यांवरून ठरवू.